गाडीचा टेप घरात तपासताना: आधी बल्ब, मग सेट

बारा व्होल्टने शॉक बसत नाही. कोरड्या हातांनी बॅटरीची दोन्ही टोकं धरली तरी काही जाणवत नाही, आणि गाडीचा स्टिरिओ घरात तपासणारा माणूस बेफिकीर होतो तो त्यामुळेच. त्याच दोन टोकांवर पाना आडवा पडला, तर काही क्षणांत तो हात लावू देणार नाही इतका तापतो. गाडीच्या ऑडिओत भीती व्होल्टची नसते, अँपिअरची असते. वायर तापते, तिचं प्लास्टिक वितळतं, शेजारची वायर उघडी पडते आणि मग पेट घेते. गाडीत निदान कंपनीने बसवलेले फ्यूज असतात. घरात लोखंडी कॉटवर चादर अंथरून सेट ठेवला आणि बॅटरीला थेट चिमटे लावले, तर मध्ये अडवणारं काहीच नसतं.

त्यामुळे सेटमधून जास्तीत जास्त किती करंट जाऊ द्यायचा हे सेट जोडण्याआधी ठरवायचं. बाकी सगळं त्यानंतर.

जागेचं आधी बघू. सोलापुरातल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. तपासणीला तिच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. ती पेटत नाही, करंट वाहून नेत नाही आणि तापलेला अँप्लिफायर ठेवला तरी तिला काही होत नाही. फरशी ओली नको, एवढंच. लोखंडी टेबल आणि कॉट टाळा, कारण सेटची पत्र्याची बॉडी निगेटिव्ह असते. पॉझिटिव्हची एखादी उघडी तार टेबलाला टेकली की टेबलातून शॉर्ट होतो. सोलापुरी चादर आणि टॉवेल थंडीसाठी उत्तम, पण अँप्लिफायरखाली अंथरू नका. सुती कापड खालची हवा बंद करतं आणि ठिणगी पकडतं. शहराच्या पूर्व भागात ज्यांच्या घरात किंवा शेजारी यंत्रमाग चालतात, त्यांच्याकडे हवेत सुताची बारीक धूळ असते. ती पॉवर सप्लायच्या (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणाऱ्या पेटीच्या) जाळीत आणि अँप्लिफायरच्या पंख्यात जाऊन बसते. तपासणीआधी मऊ ब्रशने ती काढायची, अर्थात प्लग काढून ठेवल्यावर. पॉवर सप्लायची पेटी मात्र उघडायची नाही. तिच्या आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. बारा व्होल्टच्या कामात शॉक बसून जीव जाण्याची जागा कुठली असेल, तर हीच.

करंट कुठून घ्यायचा

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एलईडी पट्ट्यांना आणि सीसीटीव्हीला वापरतात तो जाळीदार पत्र्याचा १२ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे तयार पॉवर सप्लाय. स्टिरिओ, स्पीकर आणि छोट्या अँप्लिफायरची बेताच्या आवाजातली तपासणी त्यावर होते. त्याच्या टोकाला व्होल्टेज कमीजास्त करायचा एक बारीक स्क्रू असतो. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात, म्हणून स्क्रू फिरवून १३.५ च्या जवळ आणता आलं तर आणा, पण मल्टिमीटर लावून. नाही आलं तरी बिघडत नाही. १४.४ ऐवजी १२ व्होल्टवर सेटची ताकद सुमारे ३० टक्क्यांनी घटते, कानाला हा फरक दीड डेसिबलचा, म्हणजे जेमतेम कळण्याइतका.

या एसएमपीएसची घातक बाजू म्हणजे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्या शेजारीच १२ व्होल्टचे प्लस-मायनस, सगळे एकाच पट्टीवर. त्यावरचं प्लास्टिकचं झाकण हरवलेलं असेल तर तो सप्लाय तसाच वापरू नका. १ चौरस मिलिमीटरची तीन वायरची केबल आणि तीन पिनांचा प्लग लावा आणि अर्थची हिरवी वायर खरोखर जोडा. अर्थ नसेल तर आतल्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो आणि सेटला हात लावला की मुंग्या येतात. मग 'सेटमध्ये करंट उतरलाय' असा समज होऊन चांगला सेट बाजूला पडतो. दोष सेटचा नसतो, तुमच्या भिंतीतल्या अर्थिंगचा असतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर उत्तमच, पण तो फक्त २३० व्होल्टच्या बाजूला माणसाला वाचवतो. बारा व्होल्टच्या बाजूला शॉर्ट झाला तर त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

जुन्या कॉम्प्युटरचा सप्लायही चालतो. त्याच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली की तो सुरू होतो. पिवळी १२ व्होल्टची, काळी मायनस. इथे दोन फसगती आहेत. कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये लाल वायर ५ व्होल्टची असते, आणि गाडीच्या स्टिरिओत लाल म्हणजे चावीची, १२ व्होल्टची. लालला लाल जोडलं की सेट सुरूच होत नाही आणि माणूस तो खराब समजून परत देतो. सेटच्या पिवळी आणि लाल, दोन्ही वायरी सप्लायच्या पिवळीलाच जोडायच्या. दुसरी फसगत सप्लायच्या पाठीमागच्या ११५/२३० च्या लाल सरकपट्टीची. ती ११५ वर असताना प्लग लावला तर मोठा आवाज होतो आणि सप्लाय संपतो. काही जुन्या सप्लायमध्ये ५ व्होल्टच्या बाजूला काहीच लोड नसेल तर १२ चे ११ व्होल्ट होतात. लाल आणि काळी वायरच्या मध्ये एक साधा १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब लावला की ते सुधारतात.

राउटरचा १ किंवा २ अँपिअरचा ॲडॉप्टर पुरत नाही. सेट लागतो, गाणं सुरू झालं की बंद पडतो, परत लागतो. लॅपटॉपचा ॲडॉप्टर १९ व्होल्टचा असतो, तो अजिबात लावू नका. गॅरेजमधला जुना ट्रान्सफॉर्मरवाला बॅटरी चार्जरही थेट सेटला नको. त्याचा डीसी गाळलेला नसतो आणि लोड नसताना त्यातून १६-१८ व्होल्टचे उसळे येतात. ई-बाइकच्या किंवा लॅपटॉपच्या सेलचे घरी जुळवलेले पॅक तर दूरच ठेवा. चार लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडले की पूर्ण चार्जला १६.८ व्होल्ट होतात, आणि शॉर्ट झाला तर ते विझवताना नाकी नऊ येतात.

राहिली बॅटरी. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी तपासणीला छान, कारण तिच्यात एसएमपीएसची भुणभुण नसते. पूर्ण चार्जला ती १२.७ च्या वर दिसते. सेट चालू असताना व्होल्टेज १०.५ च्या खाली जाऊ लागलं की थांबायचं, नाहीतर बॅटरी कायमची बसते. लोडशेडिंगच्या काळापासून घराघरांत इन्व्हर्टरची मोठी ट्यूब्युलर बॅटरी आहे आणि मोह तिचाच होतो. ती १५० अँपिअर-अवरची असते आणि शॉर्ट झाला तर हजारावर अँपिअर देऊ शकते. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. वापरायचीच असेल तर आधी इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढा, खिडक्या उघडा आणि तासभर जाऊ द्या. फ्यूज पॉझिटिव्हच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत असायला हवा, वायरच्या दुसऱ्या टोकाला नव्हे, कारण टोक आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कुणी वाली नसतो. अंगठी, कडं आणि घड्याळ काढून ठेवा. पाना आणि बॅटरी यांच्यामध्ये सापडलेली सोन्याची अंगठी बोटासकट भाजते.

लाकडी पाटावरचा टेस्ट बोर्ड

हे एकदा नीट बांधून ठेवलं की पुढची कित्येक वर्षं पुरतं. जेवणाचा जुना पाट किंवा दीड फूट बाय एक फूट प्लायवूड घ्या. त्यावर एसएमपीएस, ब्लेड फ्यूजचे दोन होल्डर, १२ व्होल्ट डीसीला चालणारा १५-२० अँपिअरचा एक स्विच, बारा खणांची कनेक्टर पट्टी, एच-४ चा १२ व्होल्ट ६०/५५ वॅटचा हेडलाइट बल्ब त्याच्या सॉकेटसकट आणि २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब होल्डरसकट. दीड चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी वायर दोन-दोन मीटर पुरे. फ्यूज ३, ५ आणि १० अँपिअरचे, प्रत्येकी चार तरी. रंग लक्षात ठेवा: ३ जांभळा, ५ फिकट तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. स्टिरिओसाठी गाडीकडच्या बाजूचा आयएसओ कनेक्टर (सेटच्या मागे खोचायचा ठरावीक मापाचा प्लग) वायरीसकट विकत मिळतो, तो घ्या. सेटच्या वायरी कापण्याची गरज उरत नाही.

वायर घेताना एक टोक सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. तितक्याच जाडीत तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. बारीक वायरचं दुखणं आकड्यात सांगतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बेलची वायर जायला दोन मीटर आणि यायला दोन मीटर वापरली, तर १० अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट वायरमध्येच जातात. आवाज वाढवला की सेट बंद पडतो या तक्रारीचं निम्मं उत्तर इथे असतं. म्हणून व्होल्टेज सप्लायच्या टोकाला मोजू नका, सेटच्या कनेक्टरपाशी मोजा, आणि तेही गाणं वाजत असताना.

जोडणी अशी: सप्लायचा प्लस फ्यूजमधून बल्बला, बल्बमधून कनेक्टर पट्टीला, तिथून सेटला. स्विच बल्बच्या दोन टोकांना समांतर. स्विच बंद असताना करंट बल्बमधूनच जातो. स्विच चालू केला की बल्ब वगळला जातो आणि सेटला थेट सप्लाय मिळतो. मायनस मधे काही न घालता सरळ. इलेक्ट्रिशियनच्या सिरीज बोर्डाचंच हे बारा व्होल्टचं रूप.

बल्ब घेताना काचेवर १२ व्होल्ट छापलंय ना, ते बघा. सोलापुरातून मालट्रकांची ये-जा इतकी आहे की ऑटो पार्ट्सच्या दुकानात २४ व्होल्टचा बल्ब सहज हातात पडतो. बारा व्होल्टवर तो पूर्ण शॉर्टलाही मंदच पेटतो, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. हेडलाइटचा बल्ब पेटल्यावर कागद जळेल इतका तापतो, त्याला फरशीवर मोकळा ठेवा.

बल्ब काय सांगतो

थंड असताना बल्बच्या तारेचा रोध फार कमी, गरम झाल्यावर साधारण दहापट. त्यामुळे सेट थोडा करंट घेत असेल तर बल्ब जणू नसल्यासारखा, आणि सेट शॉर्ट असेल तर सगळा भार स्वतःवर घेऊन तो भगभगतो. ५५ वॅटचा बल्ब पूर्ण पेटला तरी साडेचार अँपिअरच्या वर करंट जाऊच देत नाही. २१ वॅटचा पावणेदोनच्या वर नाही. सेटमध्ये काहीही जळालेलं असो, तुमची वायर वाचते आणि सेटमधलं जे अजून शाबूत आहे तेही वाचतं. फ्यूज उडेपर्यंत गेलेला करंट पुष्कळदा आतल्या बोर्डवरची तांब्याची पट्टी घेऊन जातो. बल्ब ती वेळ येऊ देत नाही.

जोडताक्षणी बल्ब पटकन चमकून विझला तर चांगलं लक्षण: आतले मोठे कपॅसिटर भरले. चमकून मंद लाल राहिला तर सेट करंट घेतोय, स्क्रीनचा स्टिरिओ असेल तर ते साहजिक. पूर्ण उजेड पडला आणि कमी होईना, तर सरळ शॉर्ट. लगेच बंद करा. बल्ब अजिबात चमकला नाही तर वाट तुटलेली आहे: सेटचा मागचा फ्यूज, तुमचा फ्यूज, किंवा निसटलेला मायनस.

साध्या बटणवाल्या स्टिरिओला २१ वॅटचा बल्ब पुरतो. अँड्रॉइड सेट सुरू होताना दीड-दोन अँपिअर घेतो, त्याला २१ वॅटवर व्होल्टेज कमी पडतं आणि तो कंपनीचं चिन्ह दाखवून पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतो. त्याला ५५ वॅटची तार द्या. एच-४ मध्ये दोन तारा असतात; दोन्ही एकत्र जोडल्या की ९ अँपिअरच्या पुढेमागे मर्यादा मिळते, म्हणजे एका बल्बात तीन पायऱ्या.

स्टिरिओ

सप्लाय देण्याआधी मीटर. पिवळी आणि काळी वायरच्या मध्ये बीपवर (वाट जोडलेली असेल तर वाजणाऱ्या खुणेवर) ठेवून बघा. क्षणभर बीप येऊन थांबली तर कपॅसिटर भरतोय. दोन्ही दिशांनी सलग बीप आली तर बहुतेक वेळा आतला संरक्षक डायोड शॉर्ट झालेला असतो, कारण आधी कुणीतरी प्लस-मायनस उलटं लावलेलं असतं. डायोड स्वतः मरतो आणि फ्यूज उडवतो, त्याचं कामच ते. तो बदलला की पुष्कळ सेट जिवंत होतात. कुणी फ्यूजच्या जागी तार गुंडाळली असेल तर मात्र डायोडपाठोपाठ बोर्डवरची पट्टीही गेलेली असते.

आयएसओच्या सप्लायवाल्या भागात चौथी पिन कायमच्या १२ व्होल्टची म्हणजे पिवळी, सातवी चावीची म्हणजे लाल, आठवी मायनस म्हणजे काळी. काही युरोपीय गाड्यांत चौथी आणि सातवी उलट असतात. तिथे गाडी बंद केली की सेटची मेमरी जाते. तपासताना पिवळी-लाल एकत्र. निळी ॲन्टेनाची आणि निळी-पांढरी अँप्लिफायरला जागं करणारी. या दोन्हींतून १२ व्होल्ट बाहेर येतात, त्यांना ना प्लस लावायचा, ना मायनस. त्या मायनसला टेकल्या तर आतली नाजूक पट्टी जाते. केशरी लाइटची, सोडून द्या. प्रत्येक मोकळ्या टोकाला वेगळी टेप. सगळ्या एकत्र गुंडाळून एकच टेप मारायची सवय घातक. चिनी अँड्रॉइड सेटमध्ये रंगांवर विसंबू नका, वरच्या स्टिकरवरचा नकाशाच खरा.

मायनस सगळ्यांत आधी जोडा आणि सगळ्यांत शेवटी काढा. कारण असं: मायनस सुटलेला असताना आरसीए केबल (सेटचा आवाज अँप्लिफायरला नेणारी) अँप्लिफायरला लागलेली असेल, तर सेटचा सगळा करंट आरसीएच्या जाळीतून परतायला बघतो. कित्येक सेटमध्ये तिथे केसाएवढा बारीक फ्यूज असतो. तो उडाला की सेट वाजतो, पण कायमची घरघर सुरू होते. त्याच कारणाने चालू सेटची आरसीए काढू-घालू नये.

स्पीकरच्या वायरी पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली त्या त्या स्पीकरची मायनस. ही मायनस म्हणजे बॅटरीची मायनस नव्हे! आजच्या सेटमधली टीडीए ७३८८ सारखी चिप स्पीकरच्या दोन्ही टोकांना सप्लायच्या निम्मे, म्हणजे सहाएक व्होल्ट, देऊन ठेवते आणि आवाज दोघांमधल्या फरकातून काढते. स्पीकरची कुठलीही वायर बॉडीला टेकली की चिप स्वतःला वाचवायला गप्प होते. वारंवार टेकली तर मरते. चार स्पीकरच्या मायनस एकत्र करून एक वायर ओढणं ही जुन्या टेपांच्या काळातली पद्धत आहे, आता ती चालत नाही.

म्हणून चांगला स्पीकर लावण्याआधी मीटर डीसी व्होल्टवर. सेट चालू, आवाज शून्य, स्पीकरच्या प्लस आणि मायनसच्या मध्ये ५० मिलिव्होल्टच्या आत आलं पाहिजे. प्रत्येक वायर ते काळी सहाएक व्होल्ट दिसले तर घाबरू नका. पण प्लस-मायनसच्या मध्येच काही व्होल्ट दिसले तर तो चॅनल गेलेला. त्याला स्पीकर लावला तर कॉइल न हलता नुसती तापत राहते: १२ व्होल्ट थेट मिळाले तर साडेतीन ओहमच्या कॉइलमध्ये ४० वॅट उष्णता, आणि पाहता पाहता जळका वास. मग एक जुना ४ ओहमचा स्पीकर घेऊन चारही चॅनल एकामागून एक वाजवा.

गाडीतून काढलेले कंपनीचे सेट कधी कधी घरी सुरूच होत नाहीत. त्यांना चावीची वायरच नसते, 'चावी चालू झाली' हा निरोप गाडीच्या डेटा वायरीतून येतो. काहींना बॅटरी सुटल्यावर कोड लागतो. असा जुना सेट घेताना कोड आधी मागून घ्या. रेडिओसाठी ॲन्टेनाच्या मधल्या पिनेत ७५ सेंटिमीटर वायर खोचा, एफएमला तेवढी लांबी बरोबर बसते. मिडियम वेव्हवर खरखर आली तर ती एसएमपीएसची; बॅटरीवर ऐकून बघा आणि मगच ठरवा.

डब्यावरचे '५० गुणिले ४' वॅट किती खरे, हे मागच्या फ्यूजवरून कळतं. १० अँपिअरचा फ्यूज म्हणजे १४.४ व्होल्टला आत जाणारेच १४४ वॅट. त्यातून २०० बाहेर कसे येतील? चार ओहमला प्रत्येक चॅनलचे स्वच्छ २०-२२ वॅट मिळाले की झालं.

अँप्लिफायर

हाच हिशेब अँप्लिफायरला लावा. वर ३००० वॅट लिहिलंय आणि बाजूला ३० चे दोन फ्यूज: आत जास्तीत जास्त ८६४ वॅट, बाहेर सातशेच्या आत.

घरच्या दहा अँपिअरवर त्याची पूर्ण ताकद तपासता येत नाही, आणि गरजही नसते. चार चॅनलचा, प्रत्येकी ५० वॅटचा साधा अँप्लिफायर पूर्ण जोरात २५ अँपिअर घेईल. ५०० वॅटचा मोनो ४५ च्या आसपास. घरी बघायचं ते एवढंच: शॉर्ट नाही ना, सगळे चॅनल वाजतात ना, आवाज फाटत नाही ना.

पहिल्यांदा स्पीकर आणि आरसीए न लावता, ५५ वॅटच्या बल्बमधून प्लस, जाड वायरीने मायनस. अजून तो बंद असायला हवा. याच टप्प्यावर बल्ब भगभगला तर आतल्या पॉवर सप्लायचे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेत. पुढे काही करू नका. बल्ब शांत असेल तर प्लसपासून एक छोटी वायर रिमोटच्या टोकाला (गाडीत निळी-पांढरी वायर लागते तिथे) लावा. बल्ब चमकून मंद होईल, हिरवा दिवा लागेल. लाल दिवा लागला किंवा बल्ब आत्ताच पूर्ण पेटला, तर बिघाड पुढच्या भागात, बहुधा स्पीकरकडच्या ट्रान्झिस्टरमध्ये. नीट चालणारा अँप्लिफायर निवांत असताना अर्धा ते दीड अँपिअर घेतो.

हा करंट मोजताना मीटरची लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घालावी लागते. मोजून झालं की ती परत आपल्या जागी. तशीच राहिली आणि पुढच्या वेळी त्याच प्रोबने व्होल्ट मोजायला बॅटरीला लावली, तर मीटर म्हणजे नुसती तार. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूजही नसतो. क्लॅम्प मीटर घ्यायचा तर डीसी अँपिअर मोजणारा बघून घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात.

आता स्पीकरच्या टोकांवर डीसी तपासा, पुन्हा ५० मिलिव्होल्टच्या आत. मग बंद करा, आरसीए आणि स्पीकर लावा, गेन (अँप्लिफायर आवाज किती वाढवेल ते ठरवणारा स्क्रू) पूर्ण कमी, फिल्टर 'फुल'वर, बल्ब वगळून १० अँपिअरच्या फ्यूजवर चालू करा. मोबाइलमधून गाणं द्या, पण मोबाइल चार्जरला लावलेला नको, त्याने घूं सुरू होतं. आवाज वाढवल्यावर सगळं एकदम बंद पडून पुन्हा सुरू होत राहिलं, तर एसएमपीएस ओव्हरलोड होऊन स्वतःला वाचवतोय; अँप्लिफायरवर खापर फोडू नका. लाइट गेली की आधी रिमोटची वायर काढा, नाहीतर लाइट आल्यावर पहिला धक्का स्पीकरला बसतो.

गेन किती ठेवायचा हे घरीच ठरवता येतं. स्पीकर काढा, ५० हर्ट्झचा टोन लावा, मीटर एसी व्होल्टवर. स्वस्त मीटर याच फ्रिक्वेन्सीला खरं बोलतात, १००० हर्ट्झला त्यांचा भरवसा नाही. वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ म्हणजे हवे ते व्होल्ट: ४ ओहमला ५० वॅटसाठी १४.१, १०० वॅटसाठी २०. तिथे गेन थांबवा आणि स्क्रूवर मार्करने खूण करा.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर असतो तेव्हा हे काम सकाळी उरका. अँप्लिफायरचं हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची बॉडी) सावलीतही आधीच चाळिशीत असतं, आणि एसएमपीएसची क्षमताही उन्हाळ्यात घटते. हीट सिंकवर तळहात पाच सेकंद ठेवता येत नसेल तर ते साठ अंशांच्या घरात आहे. पंखा लावा किंवा थांबा. रात्रभर चालू ठेवून 'पक्का' करायच्या भानगडीत पडू नका, पाहणारं कुणी नसताना काहीच चालू नको. कोरड्या वाळूची बादली जवळ असू द्या. काही पेटलंच तर आधी भिंतीवरचं बटण बंद, मग वाळू. प्लग लागलेला असताना पाणी नाही.

स्पीकर

इथे फार काही नाही. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.६ दाखवतो, पूर्ण चार दाखवायलाच हवा असं नाही. काहीच न दाखवणारा तुटलेला, एकच्या खाली दाखवणारा जळून आतून चिकटलेला. चार-चार ओहमच्या दुहेरी कॉइलचा वूफर (बेसचा स्पीकर) समांतर जोडला तर २ ओहम, एकापुढे एक जोडला तर ८. अँप्लिफायरला २ ओहम झेपतात का, हे त्याच्यावर छापलेलं असतं. प्लस कुठला ते कळत नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा; कोन (स्पीकरचा पुढचा पडदा) बाहेर आला तर सेलच्या प्लसकडचं टोक प्लस. ट्वीटरला (बारीक, उंच आवाजाच्या छोट्या स्पीकरला) हा प्रयोग नको, आणि कपॅसिटरशिवाय ट्वीटर अँप्लिफायरला कधीच लावू नका. ४.७ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर ४ ओहमच्या ट्वीटरला साधारण साडेआठ हजार हर्ट्झच्या खालचं सगळं हळूहळू अडवत जातो. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबून बघा. खरखर लागली तर कॉइल घासतेय.

वूफर खोक्याबाहेर जोरात वाजवू नका. मागे कोंडलेली हवा नसेल तर कोन हव्या त्यापेक्षा जास्त धावतो आणि कॉइल तळाला आपटते. बंद खोलीत आवाज शंभर डेसिबलला सहज जातो, आणि तेवढ्या आवाजात दिवसाला पंधरा मिनिटांपलीकडे कानाला सोसत नाही. रहिवासी भागात कायद्याची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ आहे. बेसचा धमका सामाईक भिंतीतून शेजारच्या काकूंच्या मांडणीवरच्या भांड्यांपर्यंत पोचतो तो वेगळाच.

तपासून झालं की आवाज शून्य, रिमोट सुटा, भिंतीचं बटण बंद, मग प्लस आणि शेवटी मायनस. स्पीकरच्या आठही टोकांना वेगवेगळी टेप लावा. सेटच्या पत्र्यावर कागदी टेपची एक पट्टी चिकटवून तारीख, निवांत असतानाचे अँपिअर आणि कुठले चॅनल वाजले ते पेनने लिहा. गाडीत बसवल्यावर एखादा स्पीकर गप्प राहिला, तर ती पट्टी वाचून वायरिंग उघडायचं की सेट, ते ठरवता येतं.